माहितीस जबाबदार व्यक्ती

४ जुलै

तीर्थरूप बाबा,

‘तीर्थरूप’ फक्त जन्मदात्या वडिलांना लिहायचं आणि सासऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, हे लग्नानंतरच्या माझ्या पहिल्याच पत्रात तुम्ही खूण करून दाखवलं होतंत. तरी मुद्दाम चुकीचं लिहिते आहे. तेवढं चालवून घ्या.

तुम्ही फोन घेत नाही, म्हणून पत्र. ताईंकडून कळलं की गुडघा बरा आहे आणि सकाळी जावईबापूंबरोबर फिरायला जाता. इकडे आमचंही ठीक आहे. तुमच्या खोलीतला पंखा तुमच्या मुलाने दुरुस्त करून घेतला. तुम्ही होतात तोवर वर्षभर कुरकुरत होता, आणि तुम्ही गेल्यावर दोन दिवसांत माणूस आला. लिहितानासुद्धा बरं वाटत नाही.

तुम्ही गेलात त्या दिवसाबद्दल थोडं सांगायचं होतं. भांड्यांच्या लिक्विडचं ते पाऊच तुम्ही कात्रीने उभं कापून, आतली चंदेरी बाजू वर करून जेवणाच्या टेबलावर ठेवलंत आणि काही न बोलता बॅग भरायला गेलात. मला समजावून सांगायला वेळच दिला नाहीत. आमच्या कंपनीत त्या पाऊचच्या बाबतीत गोंधळ झाला आहे, हे खरं. नियमाप्रमाणे प्रत्येक पाकिटावर कोड छापावा लागतो. तो मोबाईलने वाचला की पान उघडतं: वस्तू कशाची बनली आहे, रिसायकल होते का, कुठल्या डब्यात टाकायची. तुम्हाला मी काय सांगणार, सगळ्या बिल्डिंगला हे तुम्हीच शिकवलंत. पण अशी एकशे चाळीस वस्तूंची पानं मी एकटी भरते, बाबा. पाऊचचा माल बदलला आणि पानावरची नोंद तशीच मागे राहिली. सिस्टीममध्ये असं होतं कधी कधी. साहेबांच्या कानावर घातलं आहे. ते बघतील.

लोक विचारतात. तळमजल्यावरच्या आजी रोज जिन्यात अडवतात, “कोडआजोबा कधी येणार?” मी सांगते, लेकीकडे गेलेत, महिनाभरात येतील.

तर महिनाभरात या.

तुमची सून


२१ जुलै

तीर्थरूप बाबा,

तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत आणि “सिस्टीम” एवढंच म्हणालात, असं ताई म्हणाल्या. हसून म्हणालात का, हे मी विचारलं. हसले नाहीत, म्हणाल्या.

ठीक आहे. थोडं सविस्तर लिहिते.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीत एकाच प्रकारच्या प्लास्टिकचं पाऊच आलं, ते खरंच चांगलं होतं. त्याचा तपासणी अहवाल मी स्वतः वाचला होता. ते पान लिहिलं तेव्हा त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, एवढं तरी माझं माना. नोव्हेंबरात त्या पुरवठादाराचा माल थांबला आणि गोदामात पडून असलेली जुनी पाऊच भरायला काढली, आतून चंदेरी थर असलेली. ती कुठेच रिसायकल होत नाहीत. वितळवायला गेलं की सगळा घाणा बिघडतो. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, महिन्याभराचा प्रश्न आहे, पान बदललं तर दुकानवाले माल परत करतील, पुन्हा सगळ्या परवानग्या, पुन्हा छपाई. कोण पाऊच फाडून बघतंय? असं म्हणून ते हसले. मीही हसले असेन.

महिन्याचे दोन झाले, दोनाचे चार. साहेब रोज ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत राहिले. माझ्या हातात काय होतं, सांगा? मी काही कंपनीची मालकीण नाही.

तुम्ही पाऊच धुऊन बाल्कनीतल्या दोरीवर उलटी टांगायचात, चिमटे लावून. पहिल्या मजल्यावरचे म्हणायचे, आजोबांच्या घरी मोज्यांचं दुकान निघालंय. मी ऑफिसातून येताना रस्त्यावरून ती रांग दिसायची. मी वर बघायचं टाळायचे, हेही आज लिहून टाकते.

साहेबांचं मी सगळं सांगितलं. आता तरी राग सोडा. तुमचा मुलगा जेवताना तुमच्या खुर्चीवर पेपर ठेवतो आणि म्हणतो की जागा कमी पडते. जागा कमी पडत नाही.

तुमची सून


९ ऑगस्ट

बाबा,

ताईंनी काल फोनवर विचारलं, “बाबांनी तुला त्या पाऊचबद्दल आधी काही विचारलं होतं का गं?” मी नाही म्हटलं. फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहिले. दूध उतू गेलं तरी कळलं नाही.

विचारलं होतंत. एप्रिलमध्ये.

आपल्या बिल्डिंगची निळी पोती कचरा निवडायच्या शेडवरून लाल पट्टी बांधून परत आली, तेव्हा तुम्ही स्वतः तिथे गेला होतात. घरी येऊन सगळं सांगितलंत. शेडच्या मुकादमबाईला तुम्ही कोड वाचून दाखवलात, पान दाखवलंत, खाली ‘माहितीस जबाबदार व्यक्ती’ म्हणून माझं नाव दाखवलंत, आणि वर म्हणालात, “लिहिलेलं वाचता येत नसेल तर बाई, विचारावं माणसाने.” त्यावर तिने पाऊच टरकन फाडून तुमच्यासमोर धरलं आणि म्हणाली, “आजोबा, मला वाचता येत नाही, पण फाडता येतं.” तिच्या हाताखालच्या सगळ्या बायका हसल्या. तुम्ही सांगत होतात आणि तुमचे कान लाल झाले होते.

मग तुम्ही मला विचारलंत, “हे पाऊच तुमचंच ना? आत चंदेरी कसं?”

मी कपड्यांच्या घड्या करत होते. मान वर न करता म्हटलं, “बनावट असेल, बाबा. आमच्या मालाची नक्कल फार येते हल्ली.”

तुम्ही लगेच पटवून घेतलंत. इतक्या लगेच, की मला वाटलं, चला, सुटलो. तुम्ही आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलीत. मंत्र्याच्या भाषणातली वेलांटीसुद्धा तुम्ही खात्री केल्याशिवाय सोडली नसती. मला मात्र काहीच विचारलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिलात, मुकादमबाई अडाणीपणाने चांगला माल परत पाठवते म्हणून. मला वाचायला दिलात. एक काना चुकलेला नव्हता. मी म्हटलं, छान झालाय. मे महिन्यात तिची मुकादमी काढली आणि तिला कचरा निवडायच्या पट्ट्यावर उभं केलं. हे तुम्ही मला चहा पिताना सांगितलंत. एवढी शिक्षा व्हावी असं तुम्हाला वाटत नव्हतं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी विचारलं, अजून थोडा चहा देऊ का?

जूनमध्ये कंपनीतून घरच्यासाठी रिफिलचा खोका मीच घेऊन आले, सीलबंद. आतलं पाऊच नक्कल असणं शक्य नव्हतं. तुम्ही कात्री का घेतलीत, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

मी घाबरले होते, बाबा. नोकरीचं होतं, साहेबांचं होतं. आणि तुमच्यासमोर मान खाली जाईल, याचीही भीती होतीच. चुकले, हे कबूल करते. मुकादमबाईला भेटून माफी मागेन, शब्द देते. तुम्ही या आता. घरात तुमच्याशिवाय करमत नाही.

तुमची सून


२ सप्टेंबर

बाबा,

शब्द दिल्यावर तीन आठवडे मी शेडकडे फिरकले नाही. आधी रजा नव्हती. मग रजा होती, पण डोकं दुखत होतं. शनिवारी सकाळी गेले.

शेडमध्ये मी आजवर पाऊल टाकलं नव्हतं. पाच वर्षं मी लोकांना लिहून सांगते आहे की ही वस्तू इथे टाका, ती तिथे टाका. ती जाते कुठे, हे बघितलं नव्हतं. पत्र्याखाली लांब पट्टा फिरतो, दोन्ही बाजूंनी बायका उभ्या. मुकादमबाई अगदी पहिल्या जागेवर आहे, जिथे ओला, न निवडलेला माल येऊन पडतो. तिच्यापुढे लाकडी फळीवर एक खिळा उभा ठोकलेला आहे. आपलं पाऊच आलं की ती ते त्या खिळ्यावर ओढून फाडते, आत बघते आणि बाजूला फेकते. बाजूचा ढीग माझ्या कमरेपर्यंत होता. सगळी आपलीच होती, हिरव्या पानाच्या चित्राची. आमच्या पानावर विश्वास ठेवून लोक ती निळ्या डब्यात टाकतात, म्हणून एकूण एक फाडून बघावं लागतं. आता मुकादम म्हणून एक पोरगेला माणूस आहे. तो हातातल्या यंत्राने कोड वाचतो आणि ‘जाऊ दे’ म्हणतो. त्याने जाऊ दिलेले गठ्ठे रिसायकलच्या कारखान्याने परत पाठवले आहेत. तरी तो कोडच वाचतो. त्याला तसाच हुकूम आहे.

मी मुकादमबाईला सांगितलं की मी त्या कंपनीतली, ते पान मी लिहिते.

तिने हात थांबवले नाहीत. म्हणाली, “मग वाचून दाखवा की. आम्हाला कुठे येतंय.”

मी मोबाईल काढला. पट्ट्याचा आवाज होता, म्हणून जोरात वाचावं लागलं. ‘संपूर्ण पाऊच एकाच प्रकारच्या प्लास्टिकचे आहे. वापरानंतर धुऊन, वाळवून निळ्या डब्यात टाकावे.’ वाचत असताना ती एकेक पाऊच खिळ्यावर ओढत होती. टर्र, आणि आतून चंदेरी. टर्र, आणि पुन्हा चंदेरी. बाकीच्या बायका ऐकत होत्या. कुणी हसलं नाही. तुमच्या वेळी हसल्या होत्या, मला हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पुढे?” ती म्हणाली.

मी म्हटलं, “पुढे माझं नाव आहे.”

“वाचा ना मग तेही.”

वाचलं. ‘माहितीस जबाबदार व्यक्ती’ आणि पुढे माझं नाव, आडनावासकट. तुमचंच आडनाव आहे ते, बाबा. वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं.

मी माफी मागितली. तिने हातमोजा काढून तळहात पुसला. त्यावर कापल्याच्या बारीक रेघा होत्या. मग म्हणाली, “तुमचे आजोबा येऊन गेले. जूनमध्ये. हातात बॅग होती, गाडी गाठायची होती त्यांना.”

मला हे माहीतच नव्हतं.

तुम्ही तिथे सगळ्यांसमोर म्हणालात की चूक माझी, मी न तपासता बोललो. तिने तुम्हाला विचारलं, घरात सून त्याच कंपनीत आहे ना, तिने सांगितलं नव्हतं? आणि तुम्ही म्हणालात, “मी तिला विचारलंच नाही.”

तुम्ही विचारलं होतंत, बाबा. मी घड्या करत होते, तुम्ही दारात उभे होतात. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्याची चूक सोडली नाही, त्यांना माझ्यासाठी एका परक्या बाईसमोर खोटं बोलावं लागलं. आणि मी त्यानंतर पंधरा दिवसांनी तुम्हाला लिहिलं की सिस्टीममध्ये असं होतं कधी कधी.

तिने पुढचंही सांगितलं. तुम्ही वॉर्ड ऑफिसला तक्रार मागे घेण्याचा अर्ज दिलात, तो फेटाळला. त्यांचं म्हणणं, अधिकृत पानावर पाऊच निळ्या डब्यात टाकण्याजोगं आहे असं आजही लिहिलेलं आहे, तेव्हा मुकादमबाई चूक आणि कारवाई बरोबर. म्हणजे मी लिहिलेलं जोवर तिथे आहे, तोवर तिचे डोळेही खोटे आणि तुमची माफीही खोटी. हे तुम्हाला इतके दिवस ठाऊक आहे आणि तुम्ही मला एका शब्दाने कळवलं नाहीत. मी आपणहून करते का, हे बघत होतात का? की आशाच सोडली होतीत?

सोमवारी दहा वाजता मी पान उघडलं. साहेबांना सांगितलं नाही. ‘रिसायकल होते’ खोडलं, चंदेरी थर लिहिला, ‘निळ्या डब्यात टाकू नये’ लिहिलं. बदल साठवण्याआधी कारण विचारतात. चार पर्याय असतात: माल बदलला, लेखनदोष, नियम बदलला, इतर. माझं बोट ‘लेखनदोष’वर किती वेळ होतं, ते सांगायला लाज वाटते. तेवढं दाबलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. मग ‘इतर’ निवडलं आणि लिहिलं: ‘ही माहिती दहा महिने खोटी होती. मला ते माहीत होते. साहेबांनाही माहीत होते, पण लिहिणारी मी आहे.’

दोन तासांत मला घरी पाठवलं. पुन्हा बोलावेपर्यंत येऊ नका, म्हणाले. बोलावतील असं दिसत नाही. जुनं पान पुसलं जात नाही. बाण दाबला की आधीचंही दिसतं, तारखेसकट, आणि दोन्हींखाली माझंच नाव आहे. कुणीही भांडी घासता घासता मोबाईल धरला की वाचेल.

तुमच्या मुलाला संध्याकाळी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “बाबा का गेले, ते मी तुला तीनदा विचारलं होतं.” त्यानंतर कामापुरतंच बोलतो आहे. त्याचं चुकत नाही.

तुम्हाला या म्हणणार नाही. तुम्ही येणार नाही, हे मला समजलं आहे. जे झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहिलं.


१८ ऑक्टोबर

बाबा,

पान बदलल्यावर लागलेल्या चौकशीला काल तुम्ही येणार, हे नोटिशीत होतं. तरी वॉर्ड ऑफिसच्या जिन्यावर तुम्हाला कठडा धरून चढताना बघितलं तेव्हा मी खांबामागे झाले. तुमच्या मुलाने तुम्हाला हात दिला. मला पुढे व्हायचं धाडस झालं नाही.

तुम्ही तिथे होतातच, तरी माझ्या बाजूने ते कसं होतं ते लिहिते.

खोलीत चार खुर्च्या आणि आपण पाच जण होतो. तुम्ही उभे राहिलात, म्हणून मुकादमबाईही उठली. मग साहेब उठले, मग तुमचा मुलगा, आणि बसलेली मी एकटीच राहिले. मलाही उठावं लागलं. अधिकारी म्हणाले, अहो बसा ना सगळे, ही काय प्रार्थना आहे का? एरवी घरी येऊन या गोष्टीवर आपण किती हसलो असतो.

मला दोन्ही पानं मोठ्याने वाचायला लावली, खोटं आधी आणि खरं नंतर. साहेब म्हणाले की माहिती भरणं हे या बाईंचं काम, त्यात आपण कधी लक्ष घातलं नाही. दहा महिने मीही सगळ्यांना तेच पटवत होते, फक्त उलट बाजूने, की चूक साहेबांची.

मग अधिकाऱ्यांनी तुम्हाला विचारलं, माहिती भरणाऱ्या बाई तुमच्या कोण? मी टेबलावरच्या कागदांकडे बघत होते. मला वाटलं, ‘कुणी नाही’ म्हणाल, आणि तसं म्हणण्याचा तुम्हाला हक्क होता.

“सून,” तुम्ही म्हणालात.

पुढचा प्रश्न होता, तक्रार करण्याआधी त्यांना विचारलं होतंत का? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, चार महिन्यांत पहिल्यांदा. तुम्ही पुन्हा एकदा माझ्यासाठी नाही म्हणणार, हे मला दिसलं. म्हणून मी मध्येच बोलले की विचारलं होतं, मीच खोटं सांगितलं. अधिकारी म्हणाले, तुम्हाला विचारलेलं नाही. पण लिहून घेतलं.

मुकादमबाईला मुकादमी परत मिळाली, मागच्या तारखेपासून. आणखी काही म्हणायचं आहे का, असं विचारल्यावर ती म्हणाली, “पाच महिने पट्ट्यावर उभी होते. ते कोणत्या तारखेपासून परत देणार?” बाहेर आल्यावर तुम्ही दोघं बाकावर बसलात आणि ती तुमच्या गुडघ्याची चौकशी करत होती. मी जिन्यापाशी उभी होते. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. त्याबद्दल तक्रार नाही.

कंपनीचं पत्र कालच आलं, नोकरी गेली. साहेबांची बदली झाली आहे, म्हणजे त्यांचं काही बिघडलं नाही. दुकानातल्या पाऊचवर काळी पट्टी चिकटवली आहे. आपल्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरच्या आजींनी पान वाचलं. त्यांना तुम्हीच शिकवलं होतंत. आता त्या जिन्यात अडवत नाहीत. भिंतीला लागून पुढे जातात.

निघताना तुम्ही माझ्यासमोर थांबलात. मला वाटलं होतं, रागवाल किंवा डोक्यावर हात ठेवाल. दोन्हींची तयारी करून मी उभी होते. तुम्ही म्हणालात, “चौथ्या पत्रात खरं बोललीस. पहिली तीन कशाला लिहिलीस?” आणि उत्तरासाठी थांबला नाहीत. गाडीची वेळ झाली होती.

कालपासून दुसरं काही सुचलं नाही. पहिली तीन मी तुम्हाला परत आणायला लिहिली, बाबा. तुम्ही घरात दिसलात की लोकांचं विचारणं थांबेल, तुमची खुर्ची भरेल, आणि काही झालंच नाही असं सगळ्यांना वाटेल. मलाही वाटेल. म्हणून दर वेळी तुम्ही याल एवढ्यापुरतंच खरं लिहायचं आणि उरलेलं ठेवून द्यायचं. पानं भरतानाही मी तेच करत होते, माल खपेल एवढंच. चौथं लिहायला बसले तेव्हा तुम्ही येत नाही, हे धरूनच बसले होते. त्यात मिळवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. माझ्या हातून खरं निघायला तेवढं सगळं जावं लागलं, हे तुम्हाला सांगायची मला फार लाज वाटते.

हे पाचवं, तुम्ही विचारलंत म्हणून.

सून